धुरा की बांध: एका रहस्यकादंबरीचे प्रकरण

भाऊंनी फाईल माझ्या हाती दिली तेव्हा एकच अट घातली. त्यांचे नाव, पुस्तकाचे नाव आणि प्रकाशकाचे नाव लिहायचे नाही. बाकी काय लिहायचे ते लिहा. जाड पुठ्ठ्याची फाईल, लाल नाडी, वर अनुक्रमणिका. पहिल्या मसुद्यापासून छापील पुस्तकाच्या पावतीपर्यंत सगळे कागद तारखेवार लावलेले. अर्जनवीस माणसाची फाईल अशीच असणार.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय सांभाळते. भाऊ आमचे जुने सभासद. ते तहसील कार्यालयासमोर टिनाच्या शेडमध्ये बसतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्राचा मसुदा, वारस नोंदीचा अर्ज असे कागद करून देणे हा तीस वर्षांचा धंदा. आधी टाइपरायटरवर, आता संगणकावर. समोरच्या बाकावर दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले त्यांनी किती वेळा पाहिले असतील, याचा हिशेब नाही. असा माणूस रहस्यकादंबरी लिहितो म्हटल्यावर तो त्या बाकावरूनच सुरुवात करील असे आपल्याला वाटते. भाऊंनी खंडाळ्यापासून सुरुवात केली.

खंडाळ्याचा बंगला

पहिला मसुदा २०१८ चा. खंडाळ्याच्या बंगल्यात उद्योगपतीचा खून, मुंबईहून आलेला खासगी गुप्तहेर, सिगारेट केस, परदेशी गाडी, पावसाळी रात्र. दोष माझ्या वाचनालयाचाही आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या जेवढ्या आमच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीत उरल्या होत्या, तेवढ्या भाऊंनी शाळेत असल्यापासून दोन-दोनदा वाचल्या होत्या. रहस्य म्हणजे मुंबई, हे समीकरण तिथेच पक्के झाले.

मी मसुदा परत देताना विचारले, "भाऊ, मुंबईला किती वेळा गेलात?"

"एकदाच, मॅडम. तेबी मंत्रालयात."

"मग खून खंडाळ्यात काहून?"

"खून तिथंच होतात न. आपल्या इथं भांडणं होतात."

त्यांच्या पहिल्या पाच वर्षांच्या अपयशाचे कारण या वाक्यात आहे असे मला वाटते, पण तेव्हा मी नुसती हसले. हसायला नको होते, बोलायला हवे होते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. संमेलन आपल्या जिल्ह्यात, एसटीने दीड तासावर. भाऊ चारशे पानांचे बाड बांधून घेऊन गेले आणि ग्रंथप्रदर्शनातल्या गाळ्यागाळ्यावर दाखवत फिरले. गाळ्यावर बसलेली मंडळी पुस्तके विकायला आलेली असतात, हस्तलिखिते घ्यायला नाही. एकाने चहा पाजला. एकाने "मेल करा" म्हणून कार्ड दिले. ते कार्डही फाईलमध्ये आहे, पान १४.

लिहिण्याचे दिवस

तालुक्याच्या गावात लिहिणाऱ्याचे वर्ष शेतीने आणि कचेरीने ठरते. जून-जुलैत भाऊंना मान वर करायला वेळ नसतो. पीककर्जाचे कागद आणि पोरांच्या प्रवेशाचे दाखले एकाच वेळी येतात. नेमके त्याच दिवसांत दिवाळी अंकांची कथा मागवण्याची मुदत संपत आलेली असते. भाऊ दरवर्षी पेरणी उरकल्यावर कथा पाठवत आणि ती दरवर्षी उशिरा पोचत असे. मार्गही साधाच निघाला: दिवाळीचा अंक हाती आला की पुढच्या दिवाळीची कथा लिहायला घ्यायची आणि होळीपर्यंत पाठवून मोकळे व्हायचे. तसे केले त्या वर्षी त्यांची पहिली कथा छापून आली.

लिहायची वेळ पहाटे साडेचार ते सात. कागद पाठकोरे, म्हणजे बिघडलेल्या अर्जांची मागची बाजू. त्यामुळे मसुदा वाचताना मध्येच कागद उलटला की कुणाच्या तरी विहिरीची तक्रार समोर येते. एकदा मला ती तक्रार कादंबरीपेक्षा जास्त धरून ठेवणारी वाटली, आणि तसे मी भाऊंना सांगितले. ते दोन आठवडे वाचनालयात फिरकले नाहीत.

त्यांची एक पद्धत मात्र कुणीही उचलावी अशी आहे. ते प्रत्येक पात्राचा रोजनामा ठेवतात. तारीख, वेळ, कुठे होता, कोणी पाहिले. डाव्या पानावर खरे काय घडले, उजव्या पानावर वाचकाला त्यातले काय आणि कितव्या प्रकरणात कळते. कोर्टकचेरीत अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागले नाही.

शकुंतला आणि पीक पाहणी

दुसरा मसुदा टाळेबंदीतला. तहसील बंद, शेड बंद, हाताशी वेळच वेळ. या वेळी खून गावात आला, पण तपास करायला नागपूरहून साहेब आले. आणि आरोपीची सगळी भिस्त यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर, म्हणजे आपल्या शकुंतलेवर. मी गाडीत होतो, मग खून कसा करीन, ही सबब. रहस्यकथेला रेल्वेचे वेळापत्रक शोभते हे खरे, पण शकुंतला बंद पडून तोवर काही वर्षे झाली होती. भाऊंना ते माहीत नव्हते असे नाही. त्यांना गाडी सोडवत नव्हती, इतकेच.

हा मसुदा घेऊन ते फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याच्या संमेलनाला गेले. या खेपेला बाड नेले नाही. एका पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे. महिन्याभरात एका प्रकाशनसंस्थेचे पत्र आले: कादंबरी स्वीकारली आहे, लेखकाने ३०० प्रती छापील किमतीला थोड्या सवलतीत आगाऊ विकत घ्याव्यात. घरात पेढे आले. रात्री भाऊंनी आकडेमोड केली तेव्हा दिसले की छपाईचा सगळा खर्च या ३०० प्रतींतच निघतो, म्हणजे प्रकाशकाला पुस्तक विकण्याची गरजच उरत नाही. वहिनी म्हणाल्या, "आपलेच पैशे देऊन आपलंच पुस्तक घ्याचं, तं त्यायले कायले द्याचं?" पत्राला नम्र नकार गेला. त्याची स्थळप्रत पान ६१ वर. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरायला घेतला होता, तो अर्धा भरलेला मागे लावलेला आहे.

नकारानंतर आम्ही दोघे बसलो आणि मी पहिल्या मसुद्याच्या वेळी जे बोलायला हवे होते ते बोलले. नागपूरचा साहेब कशाला? गावात माणूस मेला तर पहिली खबर पोलीस ठाण्याला कोण देते? पोलीस पाटील. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने ते कामच नेमून दिले आहे. त्याच्याकडे चौकी नाही, शिपाई नाही. तो बहुतेक शेजारी म्हणूनच चार गोष्टी विचारतो. भाऊ म्हणाले, "मग अडचणच आहे." मी म्हटले, "अडचण आहे म्हणूनच."

तिसऱ्या मसुद्यात तपास करते ती गावची पोलीस पाटील, एक बाई. घटना ऑक्टोबर २०२३ ची, पऱ्हाटीवर फवारणीचे दिवस. वावरात एक शेतकरी मेलेला सापडतो, पाठीला फवारणीचा पंप. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जी माणसे गेली ती कुणी विसरलेले नाही; त्यामुळे सारे गाव एका वाक्यात निकाल देते, फवारणी लागली. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, व्हिसेरा प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालाची वाट पाहणे सुरू होते. तेरवी उरकते न उरकते तोच साध्या कागदावरचे एक मृत्युपत्र पुढे येते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. तलाठ्याकडे फेरफाराला, म्हणजे सातबारावरचे नाव बदलायला, अर्ज पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. प्रयोगशाळेचा कागद महिन्यांनी येणार आणि फेरफार पंधरा दिवसांत मंजूर होणार. त्या पंधरा दिवसांत कादंबरी घडते. खंडाळ्यात असे घड्याळ सापडले नसते.

शकुंतलेची जागा ई-पीक पाहणीने घेतली. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो चढवायचा असतो, आणि फोटोबरोबर ठिकाणही नोंदले जाते. एकाने आपण गावातच नव्हतो असे सांगितले. त्याच्या मोबाईलने वेगळे सांगितले. भाऊंना ही युक्ती कुठून सुचली विचारले तर म्हणाले, रोज दहा माणसे शेडसमोर येऊन विचारतात की फोटो का चढत नाही.

आता तो शब्द

मृत्युपत्रात एक ओळ आहे: पूर्वेच्या बांधापर्यंतचे दोन एकर अमक्याला द्यावेत. आपल्याकडे शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात, पुण्याकडे बांध. मेलेल्या माणसाच्या वीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांत धुरा आहे, धुऱ्यावरचा साग आहे, धुरा कोरल्याचे भांडण आहे. बांध कुठेच नाही. म्हणजे मृत्युपत्राचा मजकूर त्याचा नाही, पुण्याकडच्या कुणाचा तरी आहे. ही किल्ली इथे सांगायला भाऊंनी परवानगी दिली. खुनी सांगायला दिली नाही.

पुण्याच्या दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने हा मसुदा पैसे न मागता स्वीकारला. त्यांच्या संपादक बाईंचे पहिले पत्र दोन पानांचे, बारीक वाचून लिहिलेले. एक सूचना अशी की फौजदारी प्रक्रिया संहितेचे अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे कलम १७४ आता राहिले नाही, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ लागले आहे, ते बदलावे. भाऊंनी कळवले की खून २०२३ चा आहे, १७४ च राहील. बाईंनी लगेच मान्य केले. इथपर्यंत सगळे सुरळीत.

मग मुद्रितशोधनात कुणीतरी भाषा सारखी करायला घेतली. 'धुरा' हा शब्द पुण्याच्या माणसाला कळतो, पण वेगळाच कळतो: संस्थेची धुरा, कुणाच्या खांद्यावर दिलेली. त्यामुळे "दोघे भाऊ धुरा कोरण्यावरून भांडले" हे वाक्य त्यांना चुकीचेच वाटले असणार. संगणकाला सांगितले, जिथे धुरा असेल तिथे बांध घाल. संगणकाने घातला.

दुसरी मुद्रिते भाऊंच्या शेडमध्ये आली तो दिवस मला आठवतो, कारण ते टेबल सोडून वाचनालयात आले. कधी येत नाहीत. मेलेल्या माणसाची मुलगी मधुरा. ती आता 'मबांध' झाली होती. मबांधचे लग्न ठरले होते. चुलीच्या 'बांधत' आजी डोळे पुसत होती. कुणाचा तरी संसार 'अबांध' राहिला होता. आणि 'धुऱ्यावर', 'धुऱ्याचा' हे शब्द जिथल्या तिथे होते, कारण अक्षरांची जुळणी वेगळी.

त्यातही एक गुंता होता. भाऊ संगणकावर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना काही 'धुऱ्या'चे 'धुर्या' झाले होते. शिवाय युनिकोडमध्ये हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो; डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा वाटतो. म्हणजे एकच शब्द मुद्रितांत चार रूपांत बसला होता. वऱ्हाडात लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये लिहा. 'वऱ्हाड' या शब्दातही तोच ऱ् आहे.

मबांध दुरुस्त करणे सोपे होते. खरा घाव वेगळा होता. सगळीकडे बांध झाल्यावर मृत्युपत्रातला बांध हा पुरावा राहिलाच नाही. कादंबरीचा निकाल ज्या खिळ्यावर टांगला होता तो खिळाच कुणीतरी भिंतीला रंग देताना काढून ठेवला.

"मॅडम, पुण्याच्या लोकायले धुरा समजत नाही म्हणून माह्या मेल्या माणसानं बांध म्हणावं का?" भाऊ इतके चिडलेले मी पाहिले नव्हते. पुस्तक परत मागवतो म्हणाले.

फोन मी लावून दिला. संपादक बाईंनी आधी माफी मागितली आणि मग एक प्रश्न विचारला, ज्याने भाऊ गप्प झाले. "भाऊ, मी दोनदा वाचूनही मला तो पुरावा दिसला नाही. वाचकाला कसा दिसेल?"

मुद्दा रास्त होता. रहस्यकथेचा अलिखित करार असा की पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. पुण्याच्या वाचकासमोर बांध हा पुरावा उघडा ठेवला तरी तो अदृश्य राहतो, कारण त्याच्या तोंडीच तो शब्द आहे. तळटीप द्यावी, धुरा म्हणजे बांध? मग तो पहिल्याच प्रकरणात सावध होतो. तळटीप म्हणजे पुराव्याला लावलेली चिठ्ठी. उलट बाजूही तितकीच अवघड निघाली. भाऊंनी तिसरा मसुदा घरी वाचायला दिला होता तेव्हा वहिनींनी मृत्युपत्राच्या पानावरच थांबून म्हटले होते, "हे कोणं लिहिलं? आपल्याइकडचा तं नाही वाटत, बांध म्हणते." पुस्तक निम्मेही झाले नव्हते. म्हणजे एकच शब्द पुण्यात दिसत नाही आणि दारव्ह्यात लपत नाही.

यावर आठ दिवस फोन चालले. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे दोघेही बरोबर होते आणि दोघांनाही काहीतरी सोडावे लागले. तळटिपा नाहीत, शेवटी शब्दसूचीही नाही, हे भाऊंचे. पहिले प्रकरण नव्याने लिहायचे, हे बाईंचे. त्यात आता दोन भाऊ सकाळी वावराच्या हद्दीवर उभे आहेत, एकाने नांगर वीतभर आत घातला आहे आणि दुसरा काठीने रेघ ओढून ओरडतो आहे. धुरा म्हणजे काय ते कुणालाही विचारावे लागत नाही. त्याच प्रकरणात पांदण, कोठा, बंडी, सालगडी हे शब्दही तसेच न समजावता आले. गर्दीत धुरा एकटा उठून दिसत नाही. दारव्ह्याच्या वाचकासाठी बाईंनी सुचवलेली युक्ती मला फारच पसंत पडली. तलाठ्याच्या कागदात बांध येऊ द्यायचा. कचेरीची भाषा प्रमाण असतेच. मग मृत्युपत्रात तो शब्द दिसला की आपला वाचक स्वतःचीच समजूत घालतो: कुणाकडून तरी लिहून घेतले असेल, कागदावर सगळेच असे लिहितात. ठाण्याचे हवालदार हेच वाक्य बोलतात आणि पोलीस पाटील बाई गप्प बसते. पुढे वह्या सापडतात.

आणखी एका माणसाच्या तोंडी बांध दोनदा येतो, अगदी सहज, जेवताना. याहून जास्त सांगत नाही.

शेवटी नियम असा ठरला की सबंध पुस्तकात बांध शब्द मोजून चार ठिकाणी. निवेदकाने तो चुकूनही उच्चारायचा नाही. 'बांधणे' क्रियापदाची रूपे वेगळी मोजली. भाऊंनी ती यादी तयार केली, प्रत्येक ठिकाणाचा पानक्रमांक टाकून, खाली सही करून. मुद्रितशोधकाच्या टेबलावर ती चिकटवली होती असे नंतर कळले.

करार

इथे मात्र भाऊ घरच्या मैदानावर होते. कराराचा छापील नमुना आला. त्यात सर्व माध्यमांचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. सही करायला उतावळा झालेला नवा लेखक हे वाचतही नाही. भाऊंनी शाई बदलून दुरुस्त्या केल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. त्यांनी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी दिले. ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट स्वतःकडे ठेवले. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. प्रकाशकाने ऑडिओवर थोडी घासाघीस केली आणि सोडून दिले. त्यांना राग आला नाही, हे मला इथे नोंदवावेसे वाटते. कागद नीट वाचणाऱ्या माणसाशी व्यवहार सोपा जातो असे त्यांच्याच हिशेबनिसाने सांगितले.

पुस्तक २०२५ मध्ये आले, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. भाऊंना दहा प्रती मिळाल्या. त्यातल्या दोन वाचनालयाला दिल्या, एक पोलीस पाटलांना दिली. त्यांनी वाचून एवढेच कळवले की पंचनाम्याला पाच पंच दाखवलेत, आमच्याकडे दोन मिळायची मारामार. शेडसमोर आणखी काही प्रती विकल्या गेल्या. गिऱ्हाईक दाखल्याला येते, पुस्तक चाळते आणि विचारते, "भाऊ, हे आपल्या अमक्याच्या वावरावरून तं नाही लिहिलं?" भाऊ दरवेळी नाही म्हणतात. तिघांनी तीन वेगवेगळी वावरे सांगितली.

दुसरी कादंबरी सुरू आहे, पण सध्या जून आहे.

वाचनालयातली प्रत हातोहात फिरते आहे. दोन्ही मुद्रिते तपासूनही पहिल्या आवृत्तीत एक 'अबांध' तसाच राहून गेला. आमच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलने त्याभोवती गोल केला आहे आणि समासात बारीक अक्षरात लिहिले आहे: हा पण पुरावा आहे का?